‘राहतो कुठं?’ : लायसन्सच्या कागदांची जुनी गोष्ट

परवा रात्री साडेनऊला मागच्या गल्लीतला एक पोरगा दारात उभा. वय १९. हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाला, "काका, तुम्ही ते कागदपत्रांचं लिहिता ना, माझं लायसन्सचं तेवढं बघा."

पोरग्याला माल पोचवायचं काम मिळतंय. गाडी मालकाची, पेट्रोल मालकाचं, लायसन्स मात्र याचं स्वतःचं पाहिजे. गाडी तो झकास चालवतो. ट्रॅक्टर कितव्या वर्षापासून चालवतोय ते इथे लिहीत नाही, उगाच कुणाला तरी त्रास व्हायचा. अडलंय कुठं, तर पिशवीतल्या कागदांत.

आधारवर पत्ता बीड जिल्ह्यातल्या गावचा, जन्मतारीख १ जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. रेशन कार्ड आजोबांच्या नावाचं, त्यात याचं नाव सगळ्यात खाली आणि आडनावात एक काना जास्त. वीजबिल घरमालकाच्या नावाचं. भाडेकरार नाही, कारण मालक म्हणतो, "विश्वासावर राहतोयस ना, मग कागद कशाला?" आधारला जोडलेला मोबाईल नंबर मामाचा, आणि मामानं तो नंबर कधीच बंद केलाय. त्यामुळे घरबसल्या अर्ज भरायला गेलं की ओटीपी कुठं जातो ते देवालाच माहीत.

आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास कोयता उचलायचा, उन्हाळा लागता लागता परत. मधले महिने पाचटाच्या कोपीत. पोरगा कधी आजीकडे, कधी फडावर, आता दीड वर्ष आपल्या गल्लीत. एका ऑफिसच्या खिडकीवर त्याला विचारलं, "राहतो कुठं?" तो म्हणाला, "इथंच." समोरचा म्हणाला, "कागद?"

संपला संवाद.

त्या रात्री मी कपाटातून वडिलांचं जुनं लायसन्स काढलं. वडील ट्रक चालवायचे. लायसन्स म्हणजे तेव्हा छोटं पुस्तक असायचं, आत चिकटवलेला फोटो आणि मागे नूतनीकरणाचे शिक्के. १९७१ साली काढलेलं. पत्त्याच्या जागी लिहिलंय ‘केअर ऑफ’ आणि पुढे एका गॅरेजचं नाव. वडील तेव्हा त्याच गॅरेजात झोपायचे, ट्रकच्या हौद्यात गोधडी टाकून. आम्ही हसून विचारायचो, "आबा, तुम्हाला गॅरेजच्या पत्त्यावर लायसन्स दिलं कसं?" ते म्हणायचे, "मालकानं चिठ्ठी दिली, हा माझ्याकडं कामाला आहे म्हणून. साहेबानं गाडी चालवायला लावली, आणि दिलं."

मला वाटायचं आबा गोष्ट रंगवून सांगतात. मग मी कायदा काढून वाचला, तर आबांच्या गोष्टीत कायद्याबाहेरचं काही नव्हतं.

देशभरासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४चा. त्याच्या आधी प्रांताप्रांताचे वेगळे होते, आपल्या मुंबई इलाख्याचा १९०४चा. मोटारी तेव्हा बोटांवर मोजण्याएवढ्या. मोटारवाला राहतो कुठं हा प्रश्नच नव्हता, सगळ्या गावाला बंगला माहीत. ड्रायव्हर कोण, तर अमुक शेटचा ड्रायव्हर. मालकाचा पत्ता तोच त्याचा पत्ता. मग आला १९३९चा कायदा, आबांच्या लायसन्सवर ज्याचा उल्लेख आहे तो. त्यात अर्ज कुठे करायचा याचं उत्तर असं दिलंय : माणूस ‘सामान्यतः जिथे राहतो किंवा धंदा करतो’ त्या भागातल्या अधिकाऱ्याकडे. राहतो *किंवा* धंदा करतो. आबा गॅरेजात राहत होते आणि तिथेच काम करत होते. मालकाची चिठ्ठी म्हणजे अगदी कायद्यातलं उत्तर.

हा कायदा जवळपास ५० वर्षं चालला. १ जुलै १९८९पासून १९८८चा मोटार वाहन कायदा लागू झाला, आणि त्यातही हे शब्द जसेच्या तसे राहिले. उलट एक वाट वाढली : ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकलात त्या भागातही अर्ज करता येईल. २०१९च्या दुरुस्तीत तर राज्यातल्या कुठल्याही लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायची मुभा आली. म्हणजे शंभर वर्षांत कायदा या बाबतीत सैल होत गेलाय. ‘कायमचा पत्ता’ असल्याशिवाय लायसन्स नाही, असं यातल्या एकाही कायद्यानं म्हटलेलं नाही. कायद्याचा प्रश्न एवढाच, की सध्या कुठे राहतोस किंवा काम करतोस.

मग खिडकीवरचा प्रश्न एवढा अवघड कशानं झाला? तर कागदामुळे. ‘मी इथे राहतो’ हे सांगणारा, फक्त त्याच कामासाठी केलेला कागद आपल्याकडे फार काळ नव्हताच. दुसऱ्या कामासाठी काढलेले कागद आपण उसने घेत आलो. आणि उसन्या कागदाचं असं असतं की मूळ मालक कधीही येऊन म्हणतो, माझा परत दे.

रेशन कार्डाचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, धान्याची टंचाई आली आणि मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. कार्ड धान्यासाठी. घरात किती तोंडं, किती शेर द्यायचं, एवढ्याच हिशेबासाठी. पण त्या कार्डावर दोन गोष्टी आपोआप आल्या : घरातल्या सगळ्यांची नावं आणि खोलीचा पत्ता. चाळीत पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्याकडे भाड्याची पावती नसायची, घरपट्टी तर मालकाच्या नावाची. सरकारी शिक्का आणि आपलं नाव एकत्र असलेला एकच कागद घरात, तो म्हणजे रेशन कार्ड. शाळेत घालायचं, रेशन कार्ड. गॅस घ्यायचा, रेशन कार्ड. पासपोर्ट, बँक, कोर्टातला जामीन, सगळीकडे तेच. आमच्या घरात ते देव्हाऱ्याच्या मागे असायचं. आई घर सोडून लग्नाला जाताना दागिन्यांआधी ते आहे का बघायची.

मुंबईच्या झोपडपट्टीतल्या लोकांना तर हे समजावून सांगायला नको. १९७६ला झोपड्यांची गणना झाली, फोटोपास मिळाले. पुढे १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० या तारखांच्या आधी तुम्ही तिथे राहत होता की नाही, यावर पुनर्वसनातलं घर ठरायला लागलं. जुनं रेशन कार्ड ज्याच्या पत्र्याच्या पेटीत शाबूत राहिलं त्याला घर, ज्याचं पुरात भिजलं त्याला खेटे. इतका जीव त्या कार्डात आला.

१ मे १९९९पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली, पिवळं, केशरी, पांढरं. (गंमत अशी की घरात कुणाची चारचाकी असेल तर केशरी मिळत नाही, पण टॅक्सीवाल्याला त्यातून सूट. लायसन्स आणि रेशन कार्ड यांची गाठ अशीही पडते.) त्यानंतर सरकारचा सूर बदलत गेला. २०१५च्या केंद्राच्या आदेशात तर सरळ लिहिलं, की रेशन कार्ड ओळखीचा किंवा राहण्याचा पुरावा म्हणून वापरायचं नाही, ते फक्त धान्यासाठी. सरकारचं चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पत्त्यासाठी कार्ड लागतं म्हणून ज्यांना धान्य नको तेही कार्ड काढत होते. पण ज्या पिढीनं ५०-६० वर्षं तो कागद पत्ता म्हणून जपला, तिला कुणी हे समजावून सांगितलं?

शाळेच्या दाखल्याची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण ती तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरातली आहे. आजूबाजूला विचारा, १ जूनला वाढदिवस असलेली किती माणसं निघतात ते. बापानं पोराला उचलून शाळेत नेलं, गुरुजींनी विचारलं, "कधीचा जन्म?" बाप म्हणाला, "पोळ्याच्या आदल्या दिवशी, मोठा पाऊस झाला त्या साली." गुरुजींनी वर्ष अंदाजानं धरलं आणि शाळा सुरू होते त्या महिन्याची पहिली तारीख टाकली. गुरुजींना पोरगं पहिलीत घ्यायचं होतं. ४० वर्षांनी तीच तारीख दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिली जाईल आणि जुळली नाही म्हणून काम अडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

मतदार यादीचं तर आणखी वेगळं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी, १९५१-५२ला, सुकुमार सेन निवडणूक आयुक्त होते. यादी करायला माणसं दारोदार गेली, तर कित्येक बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. सेन यांनी ठाम सांगितलं, नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जाईना. सेन चुकले म्हणवत नाही, कारण पुढच्या निवडणुकांना बायका स्वतःच्या नावानं आल्या. पण त्या वेळी, घरात दिवसभर राबणारी, गावाला ठाऊक असलेली बाई कागदावर नव्हती. मतदाराचं फोटो ओळखपत्र आलं ते फार नंतर, १९९३ला शेषन यांनी धरून बसल्यावर.

आणि लग्न झालेल्या बाईचं आजही तेच चालू आहे. माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं आधारवर. पत्ता नवऱ्याचा, वीजबिल सासऱ्याचं. स्कूटी शिकायला चार दिवस लागतात, नाव जुळवायला चार महिने.

आता लायसन्सच्या नियमांकडे येऊ. १९८८च्या कायद्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम आले, १९८९चे. त्यातला नियम ४ पत्ता आणि वय यांच्या पुराव्याचा. मूळ यादी बरीच ऐसपैस होती. रेशन कार्ड, मतदार यादी, विमा पॉलिसी, पासपोर्ट, वीजबिल किंवा टेलिफोन बिल, सरकारी नोकराची पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती, शाळेचा दाखला, जन्मदाखला, वयासाठी सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र. पुढे यातून रेशन कार्ड, वीज-टेलिफोन बिल आणि घरपट्टीची पावती वगळली गेली. गरिबाकडे हमखास सापडणारे कागद नेमके हेच. विमा पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी पगाराची स्लिप राहिली.

पण त्याच नियमाला खाली एक जोड आहे, आणि माझ्या मते सगळ्या नियमात तेवढी एक ओळ माणसासारखं बोलते. अर्जदाराला योग्य कारणामुळे यातला एकही कागद देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र वय आणि पत्त्याचा पुरावा म्हणून अधिकाऱ्याला स्वीकारता येईल. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला माहीत होतं, की या देशात कागद नसलेली खरी माणसं राहतात. ‘स्वीकारता येईल’ असं म्हटलंय, ‘स्वीकारलंच पाहिजे’ असं नाही. सगळी मेख त्यात.

कागदाची अट माणसाला कशी बाहेर ठेवते याचं एक उदाहरण सुदैवानं निकाली निघालंय. ट्रक, टेम्पो, टॅक्सी चालवायची तर आठवी पास पाहिजे, असा नियम ८ होता. हरियाणा सरकारनं मेवातचा मुद्दा मांडला. तिथं ड्रायव्हरकी हेच पोटाचं साधन, शिक्षण कमी, हात मात्र तयार. २०१९मध्ये ही अट काढून टाकली. आठवीचा दाखला स्टिअरिंग धरत नाही, हे कळायला वेळ लागला, पण कळलं.

आपल्याकडे या विषयाला राजकारणाचीही फोडणी असते. जानेवारी २०१०मध्ये अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या टॅक्सी परवान्यासाठी १५ वर्षं राज्यात राहिल्याचा पुरावा आणि मराठी लिहिता-वाचता येणं, असा निर्णय जाहीर झाला. दिल्लीपर्यंत गदारोळ, आणि दुसऱ्याच दिवशी भाषेबद्दल खुलासा. परवाना आणि लायसन्स वेगळे, हे मान्य. मराठी यायला हवी, हेही मला मनापासून वाटतं. पण १५ वर्षांचा पुरावा मागितला की त्यात आपलीच माणसं किती अडकतात, हे त्या वादात कुणी बोललं नाही. माझा बीडचा पोरगा जन्मानं, बोलीनं, सात पिढ्यांनी मराठी आहे. पुरावा दे म्हटलं तर त्याच्याकडे पिशवी आहे, बस.

आणि मग आधार. पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच राज्यात, २९ सप्टेंबर २०१०ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी हजर होते. पहिला नंबर रंजना सोनवणे यांना मिळाला. तेव्हा सांगितलं गेलं, की ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल. बऱ्याच जणांना मिळालीही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१६च्या आधार कायद्याचं कलम ९ बघा : आधार हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. मार्च २०२१पासून लायसन्सच्या कितीतरी सेवा आधारच्या जोरावर घरबसल्या झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रातही घरून परीक्षा देऊन लर्निंग मिळायला लागलं. माझ्या भाच्यानं ते पाऊण तासात काढलं, चहा पीत. ज्याचा पत्ता बदलत नाही आणि मोबाईल नंबर स्वतःचा आहे, त्याच्यासाठी ही खरंच क्रांती आहे. मामाचा नंबर जोडलेल्या पोरग्यासाठी ती भिंत आहे, आणि भिंतीवर खिडकीसुद्धा नाही, जिथे हुज्जत तरी घालता येईल.

कुणी म्हणेल, कडक नको तर काय? बोगस लायसन्स थोडी आहेत का? नितीन गडकरी यांनीच संसदेत सांगितलं होतं, देशातली सुमारे ३० टक्के लायसन्स बोगस आहेत. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. एकाच माणसानं दोन राज्यांत दोन नावांनी लायसन्स काढायचं, एक जप्त झालं की दुसरं खिशातून बाहेर, हे चाललेलं आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. ओळख पक्की हवीच. पण ओळख वेगळी आणि पत्ता वेगळा. अंगठा, फोटो, डोळे यांनी ‘तू तोच का’ हे कळतं. तो भाड्यानं राहतो की स्वतःच्या घरात, यानं गाडी सरळ चालत नाही. आणि ज्याच्या हातात एजंटला द्यायला पैसे आहेत त्याचा पत्ता कधी कमी पडलेला मी पाहिला नाही.

विरोधाभास बघा. हेच लायसन्स एकदा हातात पडलं की ते स्वतः पुरावा होतं. मतदान केंद्रावर ओळखपत्र विसरलात तर आयोगाच्या यादीत लायसन्स चालतं. रेल्वेत चालतं. ‘गाडी चालवता येते’ एवढं सांगायला जन्मलेला कागद आता माणूस कोण ते सांगतो. पुढच्या पिढीसाठी सरकारनं वेगळी वाट काढलीय. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळा, मतदार यादी, लायसन्स अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मठिकाण यासाठी जन्मदाखला हाच कागद. ही पोरं १८ची होणार २०४१च्या शरदात. फडावरच्या कोपीत, पाचटाच्या धगीत जन्मलेल्या लेकराची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीत होते, गावच्या की कारखान्याकडच्या, याची चौकशी मी सध्या करतोय. त्यावर वेगळं लिहीन.

पोरग्याचं काय झालं ते सांगतो. काल त्याला घेऊन घरमालकाकडे गेलो. भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे मालकावरच आहे, हे कागद समोर ठेवून सांगितलं. मालक आधी चिडला, मग बायकोनं आतून आवाज दिला, "द्या की करून, पोरगं चांगलं आहे." सोमवारी नोंदणी आहे. आधार केंद्रात जाऊन मोबाईल नंबर बदलायला टाकलाय, त्याला बोटं टेकवावी लागली. कोयत्यानं घासलेली बोटं, तिसऱ्या वेळी उमटली. जन्मतारखेची भानगड राहिलीच आहे. १ जानेवारी की १ जून, त्याला विचारलं तर म्हणाला, "आई म्हणती गुऱ्हाळ चालू होतं तवा."

वकील मित्राकडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून घेतलाय. नियम ४ची झेरॉक्स मी त्याच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलीय, खालच्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करून.